सापाची जीभ की माशाचा दात? – धन्यवादित निकोलस स्टेनो



संत पौलाचे जहाज माल्टा बेटाजवळ फुटले ही घटना प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायांत आली आहे. पावसाने आणि थंडीने गारठलेल्या प्रवाशांसाठी बेटावरील लोकांनी शेकोटी पेटवली. पौलाने काटक्यांचा भारा आगीत टाकला, तेव्हा उष्णतेमुळे एक विषारी साप बाहेर आला आणि त्याच्या हाताला झोंबला. पौलाने तो आगीत झटकून टाकला. त्याला काहीही इजा झाली नाही. पवित्र शास्त्र एवढे सांगून थांबते.

लोक मात्र थांबले नाहीत. पौलाने बेटावरील सर्व सापांना शाप दिला, त्यांचे विष उतरले आणि त्यांच्या जिभांचे दगड झाले, अशी कथा माल्टात रूढ झाली. पुरावाही हाताशी होता. बेटाच्या मऊ पिवळसर खडकात त्रिकोणी, चकचकीत, कडेला करवतीसारखे दाते असलेल्या वस्तू सापडत, काही बोटाच्या पेराएवढ्या तर काही तळहाताएवढ्या. युरोपभर त्यांना जिभेचे दगड म्हणत. राजेरजवाडे ते चांदीत मढवून जेवणाच्या टेबलावर टांगत, कारण विष उतरवण्याचा गुण त्यांच्यात आहे अशी समजूत होती. असे दगड आकाशातून पडतात असे प्राचीन रोमन लेखक प्लिनी यांनी लिहून ठेवले होते. जमिनीतच ते आपोआप वाढतात असे सतराव्या शतकातील कित्येक विद्वान म्हणत.

या जिभांचे कोडे पद्धतशीरपणे सोडवून त्यातून एक नवे शास्त्र उभे करणारा माणूस पुढे कॅथलिक धर्मगुरू झाला, बिशप झाला आणि १९८८ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यांना धन्यवादित म्हणून घोषित केले. त्यांचे नाव निल्स स्टेनसन, लॅटिनमध्ये निकोलस स्टेनो. भूगर्भशास्त्राचे विद्यार्थी त्यांना पहिल्या वर्षी भेटतात, डॉक्टर मंडळी तर रोजच त्यांचे नाव घेतात. आपण कॅथलिक मात्र त्यांना फारसे ओळखत नाही, ही आम्हाला खटकणारी गोष्ट आहे.

त्यांचा जन्म १६३८ च्या जानेवारीत डेन्मार्कच्या कोपनहेगन शहरात, एका लूथरन सोनाराच्या घरी झाला. तीन वर्षांचे असताना ते आजारी पडले आणि तीन वर्षे घराबाहेर पडू शकले नाहीत. बरोबरीच्या मुलांशी खेळण्याऐवजी मोठ्या माणसांचे धर्मविषयक बोलणे ऐकत ते वाढले. आजारातून उठतात न उठतात तोच वडील वारले. सोनाराच्या घरात तराजू, भट्टी, भिंग आणि बारीक हत्यारे असतात, आणि सोने खरे की खोटे हे कुणाच्या सांगण्यावरून नव्हे तर कसाला लावून ठरवतात. हा संस्कार त्यांच्या हातांत कायमचा राहिला असावा असे आम्हाला वाटते.

वैद्यकीय शिक्षणासाठी ते १६६० मध्ये हॉलंडला गेले. ॲमस्टरडॅममध्ये मेंढीच्या डोक्याचे विच्छेदन करताना त्यांची सळई एका अज्ञात नळीत शिरली आणि पुढे दातावर टक्कन वाजली. कानापुढच्या ग्रंथीतून तोंडात लाळ आणणारी ती नळी होती. आजही ती स्टेनसनची नळी म्हणूनच ओळखली जाते. ज्यांच्या घरी ते राहत त्या शिक्षकांनी या शोधाचे श्रेय स्वतःकडे ओढायचा प्रयत्न केला. त्यावर मोठा वाद झाला, पण शेवटी नाव तरुण विद्यार्थ्याचेच राहिले. पुढे त्यांनी हृदयाचे विच्छेदन केले. हृदय ही काही गूढ भट्टी नाही, आत्म्याचे सिंहासनही नाही, तो एक स्नायू आहे, इतर स्नायूंसारखाच, हे त्यांनी दाखवून दिले. त्या काळी हे ऐकून अनेकांना धक्का बसला.

येथे थोडे विषयांतर करण्याची मुभा घेतो. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्ही देकार्त यांचा अभ्यास केला. मेंदूच्या मध्यभागी असलेली पिनियल ग्रंथी हे आत्मा आणि शरीर यांच्या भेटीचे ठिकाण असून ती इकडे तिकडे कलते आणि शरीराला चालवते, असे त्यांचे म्हणणे. वर्गात या मतावर तासन् तास तर्काने चर्चा चाले. स्टेनो यांनी १६६५ मध्ये पॅरिसमध्ये विद्वानांसमोर याच विषयावर व्याख्यान दिले तेव्हा त्यांचे वय होते सत्तावीस. मेंदूबद्दल आपल्याला जवळजवळ काहीच माहीत नाही, अशी त्यांनी सुरुवात केली, आणि मग देकार्त म्हणतात तशी ती ग्रंथी हलूच शकत नाही हे विच्छेदनाच्या आधारे मांडले. देकार्त यांच्याबद्दल त्यांना आदर होता, पण आदर वेगळा आणि मेंदू कापून पाहणे वेगळे.

पुढच्या वर्षी ते इटलीत फ्लॉरेन्सला, मेदिची घराण्याचे ग्रँड ड्यूक दुसरे फर्डिनांडो यांच्या आश्रयाला आले. ऑक्टोबर १६६६ मध्ये लिव्होर्नो बंदराजवळ कोळ्यांनी एक प्रचंड शार्क पकडला. आपल्या बाजारात येणारी मुशी याच कुळातली, पण हा धूड हजार किलोंच्या वर होता. ग्रँड ड्यूकच्या आज्ञेने त्याचे डोके फ्लॉरेन्सला पाठवण्यात आले आणि ते स्टेनोंच्या टेबलावर आले. त्यांनी डोळे, कातडी, मेंदू सर्व तपासले. एवढ्या मोठ्या डोक्यात मेंदू केवढासा, याची त्यांनी नोंद केली. मग ते दातांकडे वळले. रांगांमागे रांगा, त्रिकोणी, चकचकीत, कडेला करवतीचे दाते. माल्टाच्या जिभा!

हे साम्य पहिल्यांदा त्यांनाच दिसले असे नाही. नेपल्सचे फाबियो कोलोन्ना यांनी १६१६ मध्येच या जिभा शार्कचे दात असल्याचे लिहिले होते, आणि त्या दगडासारख्या न जळता हाडासारख्या काळ्या पडतात हे जाळून दाखवले होते. स्टेनोंचे मोठेपण वेगळ्या ठिकाणी आहे. दात माशाचाच आहे असे मान्य केले, तर तो डोंगरातल्या खडकात शिरला कसा, हा खरा प्रश्न त्यांनी पकडला. १६६७ मध्ये छापलेल्या निबंधात त्यांनी एकेक पायरी मांडली. हे दगड जमिनीत वाढत असतील तर झाडाची मुळे भिंत फोडतात तशी त्यांनी सभोवतालची जमीन फोडायला हवी, किंवा जागा अपुरी पडल्याने स्वतः वेडेवाकडे व्हायला हवे. पण घट्ट खडकात सापडणारे दातही आकाराने अगदी नेटके असतात. म्हणजे दात तेथे आले तेव्हा खडक मऊ होता. मऊ म्हणजे चिखल, आणि चिखल तळाशी बसतो पाण्यात. तेव्हा आज जेथे डोंगर आहे तेथे एके काळी समुद्र होता. माल्टात एवढे असंख्य दात कसे, या शंकेलाही त्यांच्याकडे उत्तर होते: एकाच शार्कच्या तोंडात शेकडो दात असतात आणि ते आयुष्यभर नवीन येत राहतात. एवढे सगळे सांगूनही हा आपला अंदाज आहे, विरुद्ध मत असणाऱ्यांना आपण चूक ठरवत नाही, असेच त्यांनी लिहिले.

आज आपल्याला माल्टाच्या त्या खडकाविषयी पुष्कळ अधिक माहिती आहे. मधाच्या रंगाचा हा चुनखडक ग्लोबिजेरिना चुनखडक या नावाने ओळखला जातो. १५६६ पासून उभे राहिलेले वालेट्टा शहर याच दगडाचे. ग्लोबिजेरिना हा पाण्यात तरंगणारा, रव्याच्या कणाहूनही लहान, एकपेशीय जीव. तो मेला की त्याचे चुन्याचे कवच हळूहळू खाली जाते. सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वी, किनाऱ्यापासून दूर खुल्या समुद्राच्या तळावर अशा कोट्यवधी कवचांचा गाळ साठत गेला आणि त्याचा खडक बनला. त्या पाण्यात फिरणाऱ्या शार्कचे दात गळून याच गाळात रुतले. शार्कचा सांगाडा कूर्चेचा, म्हणजे आपल्या कानाच्या पाळीसारख्या मऊ पदार्थाचा असतो. तो कुजून जातो, कठीण दात तेवढे मागे राहतात. तळहाताएवढे दात मेगॅलोडॉन नावाच्या महाकाय शार्कचे, जो सुमारे छत्तीस लाख वर्षांपूर्वी नामशेष झाला. प्राण्याची एखादी जात पृथ्वीवरून कायमची नाहीशी होऊ शकते, ही कल्पनाच स्टेनोंच्या काळात कुणाच्या मनात रुजलेली नव्हती.

१६६९ मध्ये स्टेनोंनी एक छोटेसे पुस्तक प्रसिद्ध केले. एका घन वस्तूच्या आत दुसरी घन वस्तू निसर्गतः कशी काय सापडते, असा त्याचा विषय. येऊ घातलेल्या मोठ्या ग्रंथाची ही नुसती प्रस्तावना होती. त्यात त्यांनी दिलेले नियम इतके साधे आहेत की वाचल्यावर वाटते, हे तर आम्हालाही सुचले असते! गाळाचे थर एकावर एक बसतात. खालचा थर बसत होता तेव्हा वरचा अस्तित्वातच नव्हता, तेथे फक्त पाणी होते. म्हणून खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा. थर मुळात आडवे असतात. ते तिरपे किंवा उभे दिसले तर नंतर काहीतरी उलथापालथ झाली. आणि दरीच्या दोन्ही बाजूंना तोच थर दिसला तर तो एके काळी सलग होता. लग्नघरी चटया एकावर एक रचून ठेवतात, तेव्हा सर्वांत खालची चटई आधी ठेवली हे सांगायला साक्षीदार लागत नाही. पण डोंगराकडे या नजरेने तोपर्यंत फारसे कुणी पाहिले नव्हते. डोंगर म्हणजे उत्पत्तीच्या दिवसापासून आहे तसाच उभा असलेला ढीग. स्टेनोंनी त्याला आधी आणि नंतर दिले. त्याला इतिहास दिला.

माल्टाच्याच खडकांना हा नियम लावून पाहावा. सर्वांत खाली उथळ पाण्यातला कठीण चुनखडक. त्यावर ग्लोबिजेरिनाचा थर, म्हणजे समुद्र खोल झाला. त्यावर निळसर चिकणमाती, तीही खोल पाण्यातली. आणि सर्वांत वर पुन्हा उथळ पाण्यातला चुनखडक. समुद्र खोल होत गेला आणि पुन्हा उथळ झाला, ही लाखो वर्षांची हकिकत बेटाच्या एका कड्यावर खालून वर वाचता येते. वाचायचे कसे हे शिकवले एका सोनाराच्या मुलाने.

स्वतः स्टेनोंना ही लाखो वर्षे दिसली नव्हती, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. बायबलच्या आधारे जगाचे वय काही हजार वर्षे मानण्याची तेव्हाची पद्धत त्यांनी स्वीकारली होती. तोस्काना प्रदेश दोनदा पाण्याखाली गेला, दोनदा सपाट झाला, दोनदा खचून उंचसखल झाला, असे सहा टप्पे त्यांनी मांडले आणि त्यांतील एका पुराचा मेळ नोहाच्या जलप्रलयाशी घातला. व्होल्टेरा नगराच्या प्राचीन तटाच्या दगडांत शिंपले दिसतात, म्हणजे ते शिंपले नगराहूनही जुने, हा त्यांचा हिशेब बरोबर होता. फक्त किती जुने, हे मोजण्याचे साधन त्यांच्याकडे नव्हते. यासाठी त्यांना कमी लेखण्याचे कारण नाही. ज्या शिडीवरून पुढचे लोक वर चढले ती त्यांनीच टेकवून दिली.

याच वर्षांत त्यांच्या अंतःकरणात दुसरी उलथापालथ चालू होती. १६६६ च्या उन्हाळ्यात लिव्होर्नोमध्ये त्यांनी ख्रिस्तशरीराच्या सणाची मिरवणूक पाहिली. रस्त्यात फुले पसरलेली, लोक गुडघे टेकलेले. लूथरन तरुणाच्या मनात विचार आला की एक तर ही सर्व माणसे भाकरीच्या तुकड्यापुढे वाकणारी मूर्ख आहेत, नाही तर तेथे खरोखर ख्रिस्त आहे आणि मग आपण उभे का? हा प्रश्न त्यांनी शार्कच्या दाताप्रमाणेच हाताळला. मूळ ग्रीक आणि हिब्रू ग्रंथ उघडले, प्रारंभीच्या ख्रिस्तसभेतील आचार्यांचे लिखाण वाचले, वाद घातले. विद्वान धर्मपंडितांइतकीच मदत त्यांना दोन स्त्रियांची झाली. एक होती कॉन्व्हेंटच्या औषधालयात काम करणारी धर्मभगिनी मारिया फ्लाव्हिया. दुसरी लाव्हिनिया आर्नोल्फिनी, लुक्का राज्याच्या वकिलाची पत्नी. नोव्हेंबर १६६७ मध्ये, मृतांच्या स्मरणदिनी, त्यांनी कॅथलिक होण्याचा निर्णय घेतला.

त्यानंतर काही वर्षांत शास्त्रीय काम मंदावत गेले. डेन्मार्कच्या राजाच्या बोलावण्यावरून ते १६७२ मध्ये कोपनहेगनला शरीरशास्त्रज्ञ म्हणून गेले, पण लूथरन राज्यात कॅथलिक माणसाला मोकळेपणा नव्हता. दोन वर्षांत ते परतले. १६७५ मध्ये गुरुदीक्षा, १६७७ मध्ये बिशपपद. जर्मनीच्या उत्तरेकडील, बहुसंख्य लूथरन असलेल्या प्रदेशातील विखुरलेल्या कॅथलिकांची जबाबदारी त्यांच्यावर सोपवण्यात आली आणि ते हॅनोवरला राहू लागले. तो मोठा ग्रंथ, ज्याची प्रस्तावना छापून झाली होती, कधीच आला नाही.

बंधुभगिनींनो, येथे एक प्रश्न आपल्याला टाळता येणार नाही. देवाने दिलेली एवढी बुद्धी त्यांनी वाया घालवली का? हॅनोवरलाच तत्त्वज्ञ लायबनिट्झ होते. स्टेनोंच्या भूगर्भविषयक विचारांचा त्यांच्यावर मोठा प्रभाव पडला. एक थोर शास्त्रज्ञ गमावला आणि बदल्यात एक सामान्य ईशज्ञानी मिळाला, अशी त्यांची खंत होती. आज कुणी विज्ञानाचा हुशार विद्यार्थी सेमिनरीत जायला निघाला तर त्याच्या घरीही हेच बोलले जाते. आम्हाला लायबनिट्झ यांचे म्हणणे पूर्ण चुकीचे वाटत नाही. तो ग्रंथ लिहिला गेला असता तर भूगर्भशास्त्र कदाचित शंभर वर्षे आधी पुढे गेले असते. पण स्टेनोंनी विज्ञान खोटे ठरवून सोडले नाही, ख्रिस्तसभेनेही ते सोडायला लावले नाही. त्यांचे ते छोटे पुस्तक छापले गेले ते ख्रिस्तसभेच्या परवानगीनेच. एका माणसाला दोन आयुष्ये मिळत नाहीत, आणि त्यांनी निवड केली.

आणखी एक गोष्ट सांगावी की नाही याचा आम्ही विचार केला. संतचरित्रांत ती सहसा येत नाही. लायडनला विद्यार्थी असताना तत्त्वज्ञ स्पिनोझा त्यांचे मित्र होते. १६७७ मध्ये स्पिनोझा वारले. त्याच वर्षी रोममध्ये स्टेनोंच्या हाती त्यांच्या अप्रकाशित नीतिशास्त्र या ग्रंथाचे हस्तलिखित आले. ते त्यांनी धर्मन्यायालयाकडे सुपूर्द केले, आणि हे विचार श्रद्धेला घातक आहेत असे लेखी कळवले. दोन वर्षांनी स्पिनोझांची पुस्तके निषिद्ध यादीत गेली. दगडाच्या बाबतीत विरुद्ध मताला जागा ठेवणाऱ्या माणसाने जुन्या मित्राच्या बाबतीत ती ठेवली नाही, हे वाचून आम्हाला वाईट वाटले. पुढे मात्र विलक्षण घडले. ते हस्तलिखित रोममध्येच राहिले आणि २०१० मध्ये व्हॅटिकनच्या ग्रंथालयात सापडले. नीतिशास्त्राची आज उपलब्ध असलेली ही एकमेव हस्तलिखित प्रत. घन वस्तूत बंद झालेली घन वस्तू जशीच्या तशी टिकते, हे स्टेनोंनीच लिहिले होते ना!

बिशप म्हणून ते अत्यंत साधे राहिले. गरिबांसाठी त्यांनी आपली बिशपची अंगठी आणि क्रूस विकला. कडक उपवास करत, झिजलेल्या कपड्यांत वावरत. १६८० पासून ते म्यून्स्टर धर्मप्रांतात साहाय्यक बिशप होते. १६८३ मध्ये तेथे नव्या बिशपची निवड झाली तेव्हा पैशाचे व्यवहार झाले. स्टेनोंनी त्या निवडीच्या सोहळ्याची मिस्सा अर्पण करण्यास नकार दिला आणि म्यून्स्टर सोडले. पद, घर, उत्पन्न सगळे मागे राहिले. हॅम्बुर्गला दोन वर्षे काढून ते श्वेरीन गावी गेले, मूठभर कॅथलिकांचे साधे धर्मगुरू म्हणून. तेथेच पोटाच्या असह्य विकाराने ५ डिसेंबर १६८६ रोजी त्यांचे निधन झाले. वय अठ्ठेचाळीस. मागे ठेवण्यासारखे जुने कपडे सोडून फार काही नव्हते.

त्यांचा देह फ्लॉरेन्सला नेऊन सॅन लोरेंझो चर्चमध्ये पुरण्यात आला. दोनशे वर्षे जगाने त्यांना जवळजवळ विसरूनच टाकले. १८८१ मध्ये बोलोन्याला भूगर्भशास्त्रज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. त्यानंतर निरनिराळ्या देशांचे शास्त्रज्ञ त्यांच्या कबरीपाशी जमले. त्यांत कॅथलिक होते, प्रोटेस्टंट होते, काही कुठल्याच धर्माचे नसतील. चर्चने त्यांना धन्यवादित म्हणायला अजून शतकाहून अधिक काळ होता. त्यांच्या नावाचा स्मृतिफलक तेथे त्या शास्त्रज्ञांनी बसवला. फ्लॉरेन्सला कुणी गेलेच, तर सॅन लोरेंझोमध्ये मेदिचींच्या भव्य कबरी पाहायला रांग असते. स्टेनोंची कबर त्याच चर्चच्या एका बाजूच्या कपेलात आहे.